ओढ्यातला खडक

शुक्रवारी संध्याकाळी एझेल पेटीग्रूचं तारण झालं, आणि शनिवार उजाडेपर्यंत घरातल्या कुणाचंच डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

तारण, म्हणजे पापातून सुटका, ही तशी आनंदाची गोष्ट. पण एझेलचं? ज्याच्या भट्टीची दारू अर्ध्या काउंटीला चढत होती, ज्यानं रागाच्या भरात बायकोची, हेस्टरची, दोन बोटं मोडली आणि ती कायमची वाकडी झाली, ज्याचं नाव माउंट नेबो चर्चच्या मंडळीनं त्याची मुलं लहान होती तेव्हाच कापून टाकलं होतं, तो माणूस सोमवारी उज्जीवन सभेला आला आणि सरळ पश्चात्तापाच्या बाकावर जाऊन बसला. तो बाक पोरासोरांचा. दर ऑगस्टात दहा-बारा वर्षांची मुलं त्यावर बसतात, मोठी माणसं भोवती गुडघे टेकून प्रार्थना करतात, आणि आत काही हललं की मूल उठून सगळ्यांसमोर तसं सांगतं. त्या रांगेत हा सत्तरीचा म्हातारा, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले. मंगळवारी लोक हसले. बुधवारी हसायचे थांबले. गुरुवारी त्यानं कुऱ्हाडीनं स्वतःची भट्टी फोडली. शुक्रवारी तो बाकावरून उठला आणि म्हणाला, “सुटलो. त्यानं मला सोडवलं. कसं ते विचारू नका, सांगता यायचं नाही.” मंडळीनं रीतीप्रमाणे हात वर करून त्याला बाप्तिस्म्यासाठी स्वीकारलं, आणि हेस्टर अशी काही ओरडली की तिची टोपी दोन बाकं मागे जाऊन पडली.

मी तेव्हा जन्मले नव्हते. पण बावन्न सालचा तो ऑगस्ट आमच्या घरात इतक्यांनी इतक्यांदा सांगितलाय की कोण कुठं उभं होतं हेसुद्धा मला डोळे मिटून सांगता येईल.

शनिवारी स्वयंपाकघरात तीन बायका होत्या. रविवारी बाप्तिस्म्यानंतर चर्चच्या अंगणात झाडांखाली सगळ्यांचं जेवण असतं, त्यासाठी कोंबड्या तळायचं काम चाललं होतं. वर्डेल, एझेलची मोठी मुलगी, शिकागोहून आली होती आणि नवे बूट चिखलात खराब होतील म्हणून खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. मदत म्हणजे तिचं बोलणं.

“आई, बाबांना डॉक्टरला दाखवलंस का?”

“कशाला?”

“डोक्याला मार लागला की माणूस असं वागतो. आमच्या बिल्डिंगमधला एक जण जिन्यावरून पडला आणि दुसऱ्या दिवसापासून दिसेल त्याची माफी मागत सुटला.”

“याला जिन्यानं नाही, प्रभूनं पाडलंय,” हेस्टर म्हणाली. “आणि पाय खाली घे. शिकागोत खुर्च्यांवर पाय ठेवतात का?”

“चाळीस वर्षं तू त्याच्यासाठी रडलीस. आता तो चार दिवस शहाण्यासारखा वागला तर लगेच पांढरा झगा शिवायला बसलीस! माझा विश्वास नाही, एवढंच.”

“तुझा विश्वास मागितलाय कुणी? बटाटे सोल.”

चुलीशी उभी असलेली सून आर्झुला कोंबडीचे तुकडे पिठात घोळवत होती. ती मुळातच कमी बोलणारी. वर्डेलनं तिच्याकडे मोर्चा वळवला. “तुला काय वाटतं गं? तू तर रोज बघतेस त्याला.”

“मी काय सांगणार, ताई?” आर्झुला वळलीसुद्धा नाही. “उद्या बाबांनी माझ्या हातचा एक तुकडा खाल्ला ना, तर मी म्हणेन की प्रभूनं खरंच काहीतरी केलं.”

वर्डेलनं एक बटाटा उचलून सोलायला घेतला. एझेलच्या मुलाशी, लेमशी, लग्न करून आर्झुला या घरात आली तेव्हापासून सासऱ्यानं तिच्या हातचा घास तोंडात घातला नव्हता. तिनं ताट वाढलं की तो उठून जायचा. अंगणातल्या जेवणात सगळ्या बायकांची भांडी फिरत फिरत यायची, तो तिचं तेवढं पुढे सरकवायचा. कारण कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटायचं, कारण माहीत आहे. आर्झुला सायलस मेब्रीची मुलगी होती, आणि सायलस मेब्रीनं माउंट नेबोची घंटा चोरली होती.

ती घंटा म्हणजे मंडळीचा जीव. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या आमच्या पणज्यांनी ती नदीत बुडालेल्या एका बोटीवरून मिळवलेली, पितळी, अंगणातल्या लाकडी चौकटीत टांगलेली. रविवारी तिनं बोलवायचं आणि कुणी मेलं की त्याच्या वयाइतके टोले द्यायचे. सायलस तिची देखभाल करायचा. एका आठवड्यात त्यानं कुजलेलं लाकूड बदलायला चौकटीचे बोल्ट सैल केले, त्याच आठवड्यात तो कुठूनसं नवं खेचर घेऊन आला, आणि त्याच आठवड्यात घंटा नाहीशी झाली. मग आणखी पुरावा कोण शोधतो? “मी नाही,” एवढंच तो म्हणत राहिला. मंडळीनं त्याला एकमतानं काढलं. त्याच्या शेतात मदतीला कुणी येईना, त्याला कुणी काम देईना. बायको आधीच गेलेली. आर्झुलाला मावशीकडे ठेवून, काम मिळालं की नेतो असं सांगून तो गेला, आणि दोनेक वर्षांनी तिकडून आलेल्या कुणीतरी सांगितलं की नदीचा बांध घालणाऱ्यांच्या तळावर तो तापानं मेला. चोर बापासाठी टोले कुणी दिले नाहीत. द्यायला घंटाही नव्हती.

रविवारी ओढ्यावर सगळी मंडळी जमली. बायका पांढऱ्या कपड्यांत, शिकागोची आणि डेट्रॉइटची पाहुणेमंडळी घामानं चिंब होऊन हातपंख्यांनी वारा घेत काठावर दाटीवाटीनं उभी. लेम जरा वर, चढावर, गाडीच्या खेचरांपाशी थांबला होता. बाप पाण्यात उतरेपर्यंत त्याला खरं वाटणार नव्हतं, आणि उतरल्यावर आपल्याला रडू आलं तर ते कुणी बघू नये अशी त्याची सोय होती.

रीतीप्रमाणे चर्चचा कारभार बघणारा डीकन यूरियाह पर्विस लांब काठी घेऊन आधी पाण्यात गेला. त्या डोहात मध्येच एकदम खोल होतं, म्हणून तळ चाचपडत जायचं. काठी टक्कन लागली की तो थांबायचा. तिथं खडक होता. बायबलातल्या पेत्रावरून सगळे त्याला पेत्राचा खडक म्हणायचे. त्या खडकाच्या अलीकडे पाणी कमरेइतकं, पलीकडे माणूस बुडेल इतकं. गेली कित्येक वर्षं माउंट नेबोचा प्रत्येक बाप्तिस्मा त्या खडकाच्या खुणेनं झाला होता. डीकन पर्विसनं काठी रोवली आणि दर वर्षीचं वाक्य म्हटलं. “खडकाला टाच लावून उभं राहा, लेकरांनो. मग तुम्हाला कोणी हलवू शकत नाही.”

मुलं एकेक करून गेली, बुडाली, ठसकत बाहेर आली, आयांनी त्यांना चादरीत गुंडाळलं. शेवटी एझेल. हेस्टरनं शिवलेला झगा त्याला आखूड झाला होता. तो घोट्याइतक्या पाण्यात गेला आणि थांबला.

“या, एझेल.” रेव्हरंड डॉसननं हात पुढे केला. तो तरुण पाळक, या गावात येऊन त्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. “पाणी गार नाहीये.”

“पाण्याचं काही नाही,” एझेल म्हणाला. “तो खडक नाही.”

“काय?”

“यूरियाहच्या पायाशी आहे तो खडक नाही. घंटा आहे. आपली घंटा. मी आणून टाकलीय तिथं.”

काठावर कुणीतरी हसलं. एका म्हातारीनं सवयीनं “आमेन” म्हटलं आणि मग तोंडावर हात ठेवला.

“सायलस मेब्रीनं तिला हात लावला नव्हता,” एझेल म्हणाला. हे तो मोठ्यानं म्हणाला, मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून.

डीकन पर्विसनं काठीनं एकदा टोचून बघितलं. मग त्यानं काठी पाळकाच्या हातात दिली आणि डोक्यावरच्या हॅटसकट पाण्याखाली गेला. हॅट तेवढी वर तरंगत राहिली. सगळे त्या हॅटकडे बघत होते. तो वर आला तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं आणि पाणी त्यात जात-येत होतं.

“कडी आहे,” तो म्हणाला. “वरती कडी आहे.”

वर्डेल सगळ्यात आधी भानावर आली. नवे बूट घालून तशीच चिखलात शिरली. “बाबा, एक अक्षर बोलू नका! शेरीफच्या कानावर गेलं तर या वयात साखळीनं बांधून रस्त्यावर खडी फोडायला लावतील. रेव्हरंड, यांना उन्हाचा त्रास होतोय. यांना काही कळत नाहीये.”

“वर्डेल, आयुष्यात पहिल्यांदाच कळतंय मला,” एझेल म्हणाला. “बाजूला हो.”

आणि त्यानं सांगितलं. मंडळीनं त्याचं नाव कापलं, दारूसाठी आणि हेस्टरच्या बोटांसाठी, त्यानंतरच्या रविवारी तो भट्टीपाशी पडला होता आणि घंटा वाजायला लागली. ती घंटा गावातल्या प्रत्येकाला नाव घेऊन बोलावते आहे आणि आपल्याला तेवढं वगळते आहे, असं त्याला वाटलं. त्या आठवड्यात तो गाडी घेऊन गेला. बोल्ट सैल होतेच. मेरिडियन शहरात नेऊन भंगारात घालायची असं त्यानं ठरवलं होतं, पण ओढ्यापर्यंत येईस्तोवर नशा उतरली आणि भीती चढली, म्हणून ती डोहात ढकलून दिली. दोन दिवसांनी लोक सायलसच्या दारात गेले.

“तेव्हा बोलायचं होतं!” काठावरून कोणीतरी ओरडलं.

“हो,” एझेल म्हणाला. “तेव्हा बोलायचं होतं.”

लेम चढावरून केव्हा खाली आला ते कुणाला कळलं नाही. त्यानं बापाचा झगा गळ्यापाशी धरला आणि शिवण उसवल्याचा आवाज आला. “माझी बायको,” तो म्हणाला. त्याला पुढचं बोलता येईना. “पंधरा वर्षं... माझी बायको तुझ्यासमोर मान खाली घालून...”

“लेम, सोड त्याला,” हेस्टर म्हणाली.

“तू याचीच बाजू घेणार! बोटं मोडली तरी तू याचीच!”

“मी कुणाचीच बाजू घेत नाहीये.” हेस्टरचा आवाज इतका हलका होता की लेमचा हात आपोआप सुटला. चर्चमध्ये तिला मानानं मंडळीची आई म्हणायचे, गावातल्या सगळ्यांना शिस्त लावणारी ती. “सायलसला काढायचा ठराव कुणी मांडला होता? मी. नवऱ्याला काढल्याची लाज वाटत होती ना मला. दुसरं कुणीतरी त्याच्याहून वाईट निघालं, याचं मला बरं वाटलं होतं. देवा, मला बरं वाटलं होतं! हाच हात वर केला होता मी. पट्टी बांधलेला.”

“दुजोरा माझा होता,” पाण्यातून डीकन पर्विस म्हणाला. त्याची हॅट वाहत लांब गेली होती आणि त्याला तिची आठवणही नव्हती.

मग हळूहळू म्हातारी माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. त्या दिवशी हात वर न केलेलं त्यांच्यात कुणीच नव्हतं.

आर्झुला हललीसुद्धा नव्हती. तिच्या आजूबाजूच्या बायका थोड्या लांब सरकल्या होत्या, तिची किळस म्हणून नाही, तिच्या जवळ उभं राहायची हिंमत होईना म्हणून. तिला त्या वेळी काय वाटत होतं ते तिनं नंतर एकदाच सांगितलं. ती म्हणाली, राग यायला हवा होता, पण आधी आला तो आनंद. आपला बाप चोर नव्हता. आणि मग लगेच त्या आनंदाच्या पाठोपाठ, आपणही त्याला चोरच समजत आलो, हे.

“बाबा,” ती म्हणाली, “ते कसे गेले इथून? मावशी म्हणायची, कुणीतरी स्टेशनावर सोडलं.”

एझेलनं मान खाली घातली. या प्रश्नासाठीच तो आठवडाभर त्या बाकावर बसला होता आणि याचंच उत्तर त्यानं शुक्रवारी दिलं नव्हतं.

“मी सोडलं.”

“तुम्ही?”

“त्याच गाडीतून. तो रस्त्यानं चालत निघाला होता, कुणी त्याला बसवून घेईना. वाटेत म्हणाला, एझेल, अख्ख्या गावात तू एकटा निघालास माणूस. देव तुझं भलं करो. आणि म्हणाला, माझ्या पोरीवर लक्ष ठेव.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“हो म्हणून मान हलवली.”

वर्डेलच्या तोंडून हुंदका फुटला. लेम मटकन काठावर बसला.

“म्हणून माझ्या हातचं खात नव्हतात?” आर्झुलानं विचारलं.

“तुझ्या हातचं गिळवलं नसतं, पोरी.”

रेव्हरंड डॉसन इतका वेळ पाण्यात तसाच उभा होता. त्याला पाळकांच्या पाठशाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं. तो म्हणाला, “शुक्रवारचा ठराव आता धरता येणार नाही. मंडळीला सगळं माहीत नव्हतं. पुन्हा विचारावं लागेल. कुणीतरी ठराव मांडायचा, कुणीतरी दुजोरा द्यायचा, आणि एकाचाही विरोध असता कामा नये. एझेल पेटीग्रूला या मंडळीत घ्यावं, असं कोण म्हणतं?”

कुणी काही म्हटलं नाही. एक तान्हं मूल किरकिरलं, त्याला आईनं उराशी घेतलं.

“राहू दे, रेव्हरंड,” एझेल म्हणाला. “मी सांगायला आलो होतो. सांगून झालं.” आणि तो झग्याची दोरी सोडायला लागला. हेस्टरनं त्याचा चेहरा पाहिला. इतक्या वर्षांत तिनं त्याला दारू प्यालेला पाहिला होता, मारताना पाहिला होता, रडतानाही पाहिला होता, पण असा शांत कधी नाही. हा माणूस आज या पाण्यातून परत गेला तर घरी पोचणार नाही, कोठारात जाऊन तुळईला दोर बांधेल, हे तिला पक्कं कळलं. आणि तरीही तिच्या तोंडातून ठराव निघेना. तो मांडायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हेही तिला कळत होतं.

तेव्हा आर्झुला पाण्यात उतरली. इस्त्रीचा पांढरा झगा, बूट, मोजे, सगळ्यासकट. ती सासऱ्याच्या शेजारून गेली, त्याच्याकडे न बघता, आणि थेट डीकन पर्विसपर्यंत जाऊन उभी राहिली. पायानं तिनं चाचपून बघितलं. बुटाची टाच त्या गोल, गुळगुळीत माथ्यावर टेकली.

“मी बारा वर्षांची होते,” ती म्हणाली. “इथंच उभी होते. डीकन, तुम्हीच म्हणालात, खडकाला टाच लाव. आणि डोकं पाण्याखाली जायच्या आधी मी काय मागितलं माहितीये? म्हटलं, देवा, माझ्या बापानं घंटा चोरली, त्याला क्षमा कर.”

डीकन पर्विस लहान मुलासारखा रडायला लागला. त्याला कुणी गप्प केलं नाही.

“त्याच घंटेवर उभी राहून मागितलं मी,” आर्झुला म्हणाली. “रेव्हरंड, पहिला ठराव माझ्या बापाचा. सायलस मेब्रीचं नाव परत घ्या.”

“सिस्टर, मेलेल्या माणसाला मंडळीत घ्यायची तशी रीत...”

“जिवंत माणसाला उगाच काढायची होती का?”

रेव्हरंड मंडळीकडे वळला. मग त्यानं विचारायच्या आधीच हात वर गेले, काठावर, चढावर, झाडांखाली, पाहुण्यांचेसुद्धा, ज्यांना मत नव्हतं. हेस्टरनं वाकड्या बोटांचा हात वर केला आणि तो खाली घ्यायचं तिला कितीतरी वेळ सुचलं नाही.

आता आर्झुला वळली. एझेल दोरी हातात धरून उभा होता.

“मला तुमची दया येत नाहीये, बाबा,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? तुम्ही स्टेशनावरून रिकामी गाडी घेऊन परत आलात आणि मी मावशीच्या ओट्यावर बसून वाट बघत होते, हे मला आयुष्यभर आठवणार. मला तुम्हाला काही द्यायचं नाही.” ती थांबली. तिचा श्वास पुरत नव्हता. “पण मी इथं माफी मागितली होती. बापाच्या नावानं. त्याला ती लागतच नव्हती. मग ती गेली कुठं? इथंच पडून असेल. कुणी वापरलीच नाही. तुम्ही घ्या.”

कुणालाच समजलं नाही की हा ठराव झाला की नाही.

“मी ठराव मांडतेय,” आर्झुला म्हणाली, रेव्हरंडवर जवळजवळ खेकसून. “लिहून देऊ का?”

“दुजोरा,” हेस्टर म्हणाली, आणि खाली बसली.

सगळे लेमकडे बघायला लागले. विरोध एकाचाही चालत नाही. लेम उठला. बापाकडे त्यानं पाहिलं, बायकोकडे पाहिलं. “माझा हात वर जायचा नाही,” तो म्हणाला. “पण मी आडही येत नाही.” एवढं बोलून तो चढावर गेला आणि खेचरं गाडीपासून सोडायला लागला, आणि काही लोकांना वाटलं की तो निघून चालला आहे.

एझेलला दोघांनी धरून आत आणावं लागलं. घंटेपाशी आल्यावर त्यानं टाच मागे घेतली. तिच्यावर पाय ठेवायला तो तयार होईना. शेवटी आर्झुलानंच म्हटलं, “ठेवा. तिथंच उथळ आहे. पलीकडे बुडाल.” रेव्हरंडनं त्याला पाण्याखाली घातलं, आणि म्हातारा वर आला तो ओरडत आला, शब्द नाहीत, नुसता आवाज, कोंडलेलं जनावर दार उघडल्यावर ओरडतं तसा. काठावर कुणी गाणं सुरू केलं नाही. दर वर्षी करतात. त्या वर्षी सगळे फक्त उभे राहिले. वर्डेलनं शिकागोला परत गेल्यावर आपल्या शेजारणींना सांगितलं की मी देवावर विश्वास ठेवत आले होते, पण तो असा काही खरंच करेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

लेम आला तो खेचरं आणि साखळी घेऊन. तो आणि डीकन पर्विस पाण्यात गेले, कडीत साखळी अडकवली, खेचरांनी तीनदा हिसके दिले आणि चौथ्या वेळी डोहानं ती सोडली. काळीहिरवी, चिखलानं आतून गच्च भरलेली. गाडीच्या दांड्यांना आडवी टांगून बायकांनी ती हातांनी रिकामी केली. आतला लोलक केव्हाच गेला होता.

“सायलससाठी टोले द्यायला हवेत,” डीकन पर्विस म्हणाला. “किती?”

कुणालाच माहीत नव्हतं. सायलसला स्वतःचं वय ठाऊक नव्हतं आणि तो नक्की केव्हा गेला हेही कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी आर्झुलाकडे पाहिलं. तिनं गाडीतली हातोडी उचलली आणि ओल्या झग्यात उभ्या असलेल्या सासऱ्याच्या हातात दिली.

“तुम्ही द्या,” ती म्हणाली. “मी पुरे म्हणेपर्यंत.”

पहिला टोला पडला तेव्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला. घंटेचा आवाज तसाच होता. म्हाताऱ्या माणसांनी तो ओळखला आणि तरुणांनी पहिल्यांदा ऐकला. एझेलनं दुसरा दिला, तिसरा दिला. टोल्यांमध्ये अंतर ठेवायची रीत त्याला आठवत होती. लोक टोप्या काढून उभे राहिले, मग उभं राहून दमले, मग एकेक करून चर्चच्या अंगणात गेले आणि कापडं अंथरून भांडी उघडली, पण कुणी जेवायला सुरुवात करेना. ओढ्याकडून घंटा वाजतच होती. मध्ये लेम खाली गेला. “मी देतो थोडे,” तो बापाला म्हणाला. एझेलनं मान हलवून नाही म्हटलं. त्याचे खांदे हलत होते आणि हातोडी आता दोन्ही हातांनी उचलावी लागत होती.

आर्झुला गाडीच्या मागच्या फळीवर बसून ऐकत होती. ती रडत नव्हती. कधी तरी मध्येच तिला बापाचं एक गाणं आठवलं, खेचराला पाणी पाजताना म्हणायचा ते, आणि ती जराशी हसली. हेस्टर लांबून हे सगळं बघत होती, पण जवळ गेली नाही. या वेळी आपण मध्ये पडायचं नाही, हे तिला उमगलं होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा आर्झुला उठली. अंगणात जाऊन तिनं आपलं भांडं उघडलं, ताटात तळलेली कोंबडी घेतली, घेवड्याची उसळ घेतली, मक्याचा पाव घेतला, आणि ताट घेऊन परत ओढ्यावर आली. एझेलनं हातोडी पुन्हा उचलली होती. ती घंटेपर्यंत पोचत नव्हती.

“पुरे,” आर्झुला म्हणाली.

त्याला ऐकू आलं नाही, किंवा खरं वाटलं नाही. त्यानं आणखी एकदा उचलायचा प्रयत्न केला.

“पुरे, बाबा. झालं.”

तिनं हातोडी काढून घेतली. त्याला गाडीच्या फळीवर बसवलं आणि ताट मांडीवर ठेवलं. त्यानं पाव उचलायला हात पुढे केला, पण बोटं मिटेनात, पाव खाली पडला. दुसऱ्यांदाही पडला. तो त्या हातांकडे बघत बसला.

आर्झुलानं कोंबडीचा तुकडा सोडवला, मक्याच्या पावाबरोबर घास केला आणि त्याच्या तोंडापाशी धरला. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग तोंड उघडलं.